गुरांमागे गेलेली शाळा

कल्याणच्या पुढचा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदला पोचला. मुंबई-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा अडीच वर्षंही पुरी झाली नव्हती. देशातला इतका जुना रूळ ज्यांच्या उशाशी पडला, त्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या पोरांना शाळेसाठी मात्र पुढे कित्येक पिढ्या थांबावं लागलं. आगगाडीने इथलं लाकूड, गवत आणि भात मुंबईला नेलं. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणीही मुंबईलाच गेलं. उलट्या दिशेने पाटी-पुस्तक यायला फार उशीर झाला, आणि जी शाळा आली ती इथल्या मुलांना ओळखत नव्हती.

शाळा नसली तरी शिकणं चालूच होतं. पहिल्या पावसानंतर रानात शेवळं उगवतात. भाजी चवदार, पण खाजरी. काकडाची फळं घातल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाही. ठाकराच्या किंवा कातकऱ्याच्या घरातलं पाच वर्षांचं पोर हे जाणतं, कारण आई शेवळं खुडत असते तेव्हा ते तिच्या मागेच असतं. खेकड्याच्या बिळात हात कोणत्या बाजूने घालायचा, मोहाची फुलं पहाटेच का वेचायची, कारवीच्या कुडाला शेण-माती कशी लिंपायची, आवणीला कोणतं खाचर आधी घ्यायचं, हे सगळं मोठ्यांच्या हाताखाली वावरताना अंगवळणी पडायचं. गणित होतं, भूगोल होता, औषधांची ओळख होती. सणही होता, खास मुलांचा. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारसेला, गुराखी पोरं घरोघर शिधा मागतात, रानात चूल मांडतात आणि गुरांना सांभाळ म्हणून वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. कोणाकडून काय आणायचं, कोणी रांधायचं, वाटणी कशी करायची, हे त्यांचं तेच ठरवतात. बालशिक्षणाच्या पुस्तकांत ज्याला सामाजिक विकास म्हणतात त्याचा याहून चांगला धडा शोधावा लागेल.

पण या चित्राला सोनेरी चौकट लावणं खोटेपणाचं होईल. रानाची इतकी जाण असलेलं पोर सातव्या-आठव्या वर्षी सावकाराची गुरं वळायला जायचं. बापाने लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडता फेडता बाप आणि आई दोघंही जमीनदाराकडे राबायची. अशा माणसाला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. जमीन सावकाराच्या नावावर, जंगल सरकारच्या ताब्यात. मुलाला जे येत होतं त्याला कुठेच किंमत नव्हती.

ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती वाशिंदच्या अलीकडे दुसऱ्या स्टेशनावर. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्याआधी कल्याण, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात हिंडत होते. उंबरगाव भागातला माह्या धांगडा हा वारली टिटवाळ्याला आला, इथलं ऐकून-पाहून परतला आणि आपल्या मुलखात काम सुरू करा म्हणून त्याने परुळेकरांना गळ घातली. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची प्रचंड सभा झाली आणि वेठबिगारीला नकार दिला गेला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरीबाईंनी हा सगळा इतिहास पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच जिल्ह्यात, झरीपासून फार दूर नसलेल्या बोर्डी गावात दोन स्त्रियांनी एक बालवाडी सुरू केली. एक ५३ वर्षांची, दुसरी ३५ वर्षांची. लढ्याचा इतिहास लिहिणारे बालवाडीची नोंद घेत नाहीत आणि बालशिक्षणाचा इतिहास लिहिणारे लढ्याची. दोन्ही गोष्टी एकाच मातीत, एकाच वर्षी घडल्या, हे मात्र विसरता येत नाही. मोठी माणसं वेठ झुगारत असतानाच त्यांच्या पोरांसाठी वेगळी शाळा कशी असावी याचा विचार सुरू झाला होता.

त्या दोघींतल्या थोरल्या ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या या बाईंनी राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद भूषवलं. मानाची, चांगल्या पगाराची जागा. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. माँटेसोरी पद्धत भारतीय मुलाच्या अंगाला बसेल अशी बेतायची, हे गिजुभाईंचं वेड ताराबाईंनी आपलं केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका निघू लागली, आधी गुजरातीत आणि पुढे मराठीत. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभा राहिला.

शिशुविहार नावारूपाला आला, पण त्यात कोणाची मुलं येत होती? डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांची. माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये पहिलं बालगृह काढलं ते रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, दिवसभर कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. भारतात येईपर्यंत तीच पद्धत महागड्या लाकडी साधनांच्या कपाटात जाऊन बसली. ताराबाईंना ही विसंगती टोचत होती. गांधीजींच्या नई तालीमचा विचारही त्याच सुमारास सात वर्षांच्या अलीकडे, अगदी जन्मापासूनच्या शिक्षणाकडे सरकत होता. खेड्यातल्या मुलाला परवडेल अशी बालवाडी कशी असते, याचं उत्तर दादरला बसून मिळणार नव्हतं.

धाकट्या अनुताई वाघ या कामात आल्या त्या कस्तुरबा स्मारक निधीच्या ग्रामसेविका शिबिरातून. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. वडिलांनी शिकवलं म्हणून त्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरीला आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. रात्रशाळेत शिकून १९३७ मध्ये मॅट्रिक आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ मध्ये, पदवीधर. स्वतः इतक्या अडथळ्यांतून शिकलेली बाई ‘मूल शाळेत येत नाही’ या तक्रारीपाशी थांबणारी नव्हती. ते का येत नाही, हे तिला पाहायचं होतं.

बोर्डीला दोघींनी आधी गावात मध्यवर्ती बालवाडी भरवली. दलित वस्तीतली, पाड्यांवरची मुलं तिकडे फिरकेनात. अंतर होतं, जातीची भिंत होती, आणि स्वच्छ कपड्यांतल्या मुलांमध्ये आपलं पोर पाठवायला आया धजत नव्हत्या. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत बालवाडी भरू लागली. तिला अंगण बालवाडी, अंगणवाडी म्हणू लागले. आज देशभर ज्या नावाच्या पाट्या दिसतात ते नाव या प्रयोगातलं आहे.

अंगणातला पहिला तास अक्षरांचा नव्हता. मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, खरजेवर औषध लावायचं. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या हे पाहत असत, मधेच काही विचारत, नाही पटलं तर तोंडावर सांगत. शिक्षिकेचं काम चार भिंतींआड झाकलेलं नव्हतं. वस्तीच्या डोळ्यांसमोर चालायचं, आणि त्यामुळेच वस्तीचा विश्वास बसायचा. आयांना वेगळं शिकवायला जावं लागत नव्हतं. नखं का कापायची हे मुलाबरोबर आईही पाहत होती.

साधनांचा प्रश्न जमिनीने सोडवला. माँटेसोरी साधनांमागचं तत्त्व साधं आहे. मुलाने हाताने चाचपून जाड-बारीक, खरखरीत-गुळगुळीत, हलकं-जड ओळखावं, मांडावं, जुळवावं, आपली चूक आपणच दुरुस्त करावी. यासाठी परदेशी लाकडी ठोकळेच हवेत असं कुठे आहे? बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपले होते. चिंचोके, सागरगोटे, बिया, बांबूची कांडं, पानं, फुलं, नदीतले गोटे, कुंभाराची माती, सगळं फुकट. चिंचोका काळपट-तपकिरी, गुळगुळीत. उभा फोडला की एक बाजू पांढरी निघते. मग फेकला की काळा पडला का पांढरा, हे मोजता येतं. पाच चिंचोके फेका आणि तीन काळे, दोन पांढरे पडू द्या, बेरजेची मांडणी समोर तयार. पोरं हा खेळ घरी खेळतच होती. शिक्षिकेने फक्त तो खेळ बालवाडीत येऊ दिला आणि त्यात थोडी शिस्त आणली.

१९५७ मध्ये दोघींचं ग्राम बालशिक्षा केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. बोर्डी सुधारलेलं गाव होतं, आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी तिथे शिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं. कोसबादला वारली होते, विखुरलेले पाडे होते आणि शाळेबद्दलची भीती होती. इथे ताराबाई-अनुताईंच्या कामाची खरी कसोटी लागली, आणि त्यातून दोन गोष्टी जन्माला आल्या. आजही त्यांची बरोबरी करणारं फार थोडं सापडतं.

पहिली विकासवाडी. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत? कडेवर धाकटं भावंड असतं म्हणून. धाकट्याला आणलं तर शाळा रागावते, घरी ठेवलं तर बघायला कोणी नाही, कारण आई खाचरात किंवा रानात. उत्तर असं निघालं की पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरवायची. बहीण धाकट्याला पाळण्यात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि आपल्या वर्गात जाते. मधल्या सुट्टीत येऊन बघून जाते. कागदावर पाहिलं तर ही जागेची साधी रचना. पण तिने मुलींच्या शिक्षणातली सर्वांत मोठी अडचण दूर केली. पाळणाघर आणि शाळा ही दोन खात्यांची कामं आहेत, असा विचार दोघींच्या मनाला शिवला नाही. मुलीच्या दृष्टीने ती एकच अडचण होती.

दुसरी कुरणशाळा. गुरं वळणारी पोरं शाळेच्या वेळेत रानात. त्यांना ‘गुरं सोडून या’ म्हणणं म्हणजे त्यांच्या घरातली भाकर काढून घेणं. मग शिक्षकच गुरांमागे गेले. थोडंसं सामान बरोबर घेऊन कुरणात जायचं, गुरं चरत असताना पोरांना सावलीत गोळा करायचं. फळ्याला माती, लेखणीला काठी. झाडांची नावं, पानांचे आकार, पक्ष्यांचे आवाज, सावली केव्हा आखूड होते आणि केव्हा लांबते, गुरांची मोजदाद, दगडांची बेरीज-वजाबाकी. पोरांना जे आधीच ठाऊक होतं तिथून धडा सुरू व्हायचा. गाय पिकात शिरली की पोरगं उठून धावायचं, हाकलून परत येऊन बसायचं, आणि त्याबद्दल कोणी त्याला बोलत नसे.

सरकारी शाळेत ‘गैरहजर’ म्हणून ज्यांची नोंद झाली असती ती मुलं अशी शिकू लागली. ताराबाई आणि अनुताईंनी या प्रयोगावर पुस्तकंही लिहिली, पण त्यांचं मोठेपण पुस्तकांहून या पायपिटीत आहे. मुलाला सुधारून मग शाळेत घ्यायचं, ही त्या काळच्या भल्याभल्या समाजसेवकांची वृत्ती होती. या दोघींनी शाळा सुधारून मुलापर्यंत नेली. वारली बोली वर्गात चालू दिली, पाड्यावरची गाणी आणि नाच बालवाडीत येऊ दिले. ज्या काळात आदिवासी मुलाला आधी ‘शुद्ध’ बोलायला शिकवणं हेच शिक्षण समजलं जाई, त्या काळात हे धाडस होतं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत कोसबादलाच राहिल्या. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे त्यांचं पुस्तक गावोगावच्या शिक्षिकांच्या हाती गेलं, आणि ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या साऱ्या धडपडीची हकिगत आहे.

दरम्यान दिल्लीत चक्रं फिरली होती. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली शालापूर्व मुलांविषयी अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल १९७२ मध्ये आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आल्या. ही फार मोठी गोष्ट झाली. ठाणे जिल्ह्याला तर तिची गरज किती होती हे १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि पुन्हा २००६ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्या असे आदेश दिले. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोटात अन्न नसलेल्या मुलाला चिंचोके मोजायला लावण्यात अर्थ नाही, म्हणून खिचडीला कोणी नावं ठेवू नयेत.

पण सहा सेवांतली सहावी मागे पडली. सेविकेच्या हाती वजनकाटा आला, रजिस्टरं आली, २०२१ पासून पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप आलं. जनगणनेपासून पल्स पोलिओपर्यंत कोणतंही काम निघालं की ते तिच्या माथी. मुलांबरोबर बसायला तिला वेळ कुठून मिळणार? आणि मिळालाच तर तिने काय करावं, याचे नमुने भिंतीवर रंगवलेले असतात. सफरचंद, झेब्रा, इग्लू. ज्या पाड्यावर करवंद, जांभूळ आणि भोकर पोरांच्या खिशात असतात तिथे पहिलं फळ सफरचंद का असावं? राज्याने अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आणला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि घरच्या भाषेवर भर दिला. चांगलंच झालं. मात्र अंगण बालवाडीचं नाव घेताना तिच्यातलं अंगण सुटलं होतं, ते परत आणायला परिपत्रक पुरणार नाही.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ही परंपरा तुटू न देणारी माणसंही निघाली. १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी डहाणू तालुक्यात ग्राममंगल संस्था उभी केली. दाभोण, ऐने या आदिवासी गावांत तिने मुलाच्या बोलीतून, परिसरातून शिकवण्याचं काम पुढे नेलं. ग्राममंगलमध्ये काम केलेल्या नीलेश निमकरांनी २००७ मध्ये वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात ‘क्वेस्ट’ची सुरुवात केली, तिचा ‘पालवी’ हा उपक्रम थेट सरकारी अंगणवाड्यांच्या सेविकांबरोबर चालतो. हे महत्त्वाचं, कारण वेगळी आदर्श बालवाडी काढणं त्या मानाने सोपं असतं. जी अंगणवाडी आधीच आहे, जिथे सेविकेला मानधन तुटपुंजं आहे आणि कामं ढीगभर आहेत, तिथे गोष्ट, गाणं, चित्र आणि गप्पा पोचवणं कठीण.

ग्राममंगल सुरू झालं त्याच १९८२ मध्ये, न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाने ‘कोहंगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी सुरू केली. माओरी बोलणारी पिढी म्हातारी होत चालली होती आणि मुलं इंग्रजीत वाढत होती. तेव्हा आज्या-आजोबांनीच पुढे होऊन लहान मुलांना सांभाळायचं, त्यांच्याशी फक्त माओरीत बोलायचं, आपली गाणी आणि रीतिरिवाज रोजच्या जगण्यातून द्यायचे असं ठरलं. काही वर्षांतच शेकडो घरटी उभी राहिली. १९९६ मध्ये त्या देशाने बालशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम केला तेव्हा माओरी दृष्टी त्याच्या पायातच घातली गेली. त्यांच्याकडे हे घडलं कारण समाजाने मागणी लावून धरली. आपल्याकडे कोसबादचं काम दोन असामान्य बायकांच्या निष्ठेवर उभं राहिलं, आणि सरकारने त्यातलं सोपं तेवढं उचललं.

शहापूर-मुरबाडमध्ये म्हाताऱ्या माणसांची कमतरता नाही, आणि शिकण्या-शिकवण्याची हौसही आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या आज्या शाळेत बसू लागल्या आणि घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेऊ लागली. जगभरातल्या वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले. आता याचा उलटा प्रवासही व्हायला हवा. शेवळं आणि काकडाचं नातं, भाताच्या वाणांची नावं, ओव्या आणि उखाणे ज्यांना येतात त्या आज्या आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बसल्या, तर कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा मुलांना जास्त मिळेल.

सर्वांत अवघड परीक्षा मात्र वीटभट्ट्यांवर आहे. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको पोरांसह वाशिंद, भिवंडी, कल्याणच्या भट्ट्यांवर येतात. कच्च्या विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून भोंगा उभा करतात. आत ताठ उभं राहता येत नाही. पहाटे अंधारात काम सुरू होतं. माती कालवून गारा करायचा, साच्यात दाबायचा, वीट काढून ओळीत मांडायची. मजुरी हजार विटांमागे, हातात मात्र आठवड्याची खर्ची, हिशेब हंगामाच्या अखेरीला. चार वर्षांचं पोर ओल्या विटांच्या ओळींमधून न चुकता चालतं, एकही वीट न बिघडवता. वाळलेल्या विटा आईबरोबर उलटते. दहाची ओळ, शंभराचा ढीग, हजाराची थप्पी त्याच्या डोळ्यांसमोर रोज रचली जाते. दशमान पद्धत शिकवायला याहून मोठं साधन कुठल्या बालवाडीत असेल? आणि तेच पोर पुढे शाळेत ‘गणितात कच्चं’ ठरतं, आणि त्याच्या बापाला हंगामाच्या शेवटी मालकाचा हिशेब तपासता येत नाही.

या मुलांसाठी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच शाळा भरवल्या. त्यांना भोंगाशाळा म्हणत. मूल जिथे आहे तिथे शाळा, हे कोसबादच्या कुरणातलं सूत्रच इथे भट्टीवर आलं होतं. शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर सहा वर्षांवरच्या मुलांना जवळच्या शाळेत घालण्याची जबाबदारी शासनाची झाली. सहाच्या आतल्यांचं काय? त्यांचं नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर, पोर भट्टीवर, आणि दिवाळी ते पावसाळा हा मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ कोणाच्याच खात्यात नाही. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी व्यवस्था सुरू केली आहे. तिचा उपयोग निव्वळ आहाराचं पाकीट पोचवण्यापुरता राहू नये.

वाशिंद परिसरातल्या लोकांनी हे काम हाती घ्यावं. कारखाने आणि लोकलगाडीमुळे हे गाव आता निमशहरी झालं आहे. इथे शिक्षक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, महिला बचतगट आहेत, महाविद्यालयात जाणारी आदिवासी मुलं-मुली आहेत. दिवाळीनंतर जवळच्या भट्टीवर जाऊन तीन ते सहा वयाची किती मुलं आली आहेत याची यादी करा आणि ती अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे द्या. कातकरी बोली बोलणारी मदतनीस मिळावी म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या. भट्टीमालकाकडून एक सावलीची जागा मागून घ्या, तिथे धाकट्यांसाठी पाळणा बांधा आणि एक ताई रोज दोन तास बसेल एवढी सोय करा. चिंचोके, बिया, माती आणि गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं त्या भट्टीवर आधीच आहेत.